उसवलेली बाही

"कुणी पाठवलं तुम्हाला?" दाराची साखळी न काढताच तिने फटीतून विचारलं.

"कोण पाठवणार, बाई? ना घर ना दार. थंडी हिंडवतेय, झालं," म्हातारा म्हणाला.

तिने त्याला आपादमस्तक न्याहाळलं. एका पायात बूट, दुसऱ्यात चप्पल. नखांत माती. अंगात राखाडी कोट, त्याची एक बाही खांद्यापासून लोंबत होती. सोंग असेल तर अगदी बेमालूम होतं. पण सोंगच असेल तर?

घाबरायला कारणही तसंच होतं. अकरा महिन्यांपूर्वी ती मुलीला कडेवर घेऊन नवऱ्याच्या घरातून पळाली होती. शिंपीकामात नवऱ्याचा हात धरणारं कुणी नव्हतं, आणि मारण्यातही. शिवण तिला त्यानेच शिकवली. ही पडली डावखुरी. डाव्या हातात सुई दिसली की फूटपट्टीचा फटका बसायचा. एक दिवस फूटपट्टीच्या जागी कात्री उगारली गेली, तेव्हा मात्र तिने उंबरठा ओलांडला. "जाशील तिथून शोधून काढीन," असं तो नेहमी म्हणायचा. तेही अगदी शांतपणे, गिऱ्हाइकाला कपड्यांची तारीख द्यावी तसं.

म्हणून तिने गाव बदललं, नाव बदललं आणि शिवणकाम तर पार सोडलं. तो आधी शिंप्यांची दुकानंच पालथी घालणार, हे न कळायला ती काही दूधखुळी नव्हती. आता ती एका लाँड्रीत इस्त्री करायची. घरात सुईदोरा होता तो फक्त मुलीच्या बटणांपुरता.

"अगं, अजून बाहेरच उभा केलायस त्याला?" खालच्या मजल्यावरच्या घरमालकीण काकू धापा टाकत जिना चढून आल्या. "चार घरांनी तोंडावर दार लावलं बिचाऱ्याच्या. मी चहा दिला असता, पण माझं दूधच नासलं मेलं."

"काकू, ओळख ना पाळख..."

"ओळखीच्या माणसानेच छळलं ना तुला? हा म्हातारा काय तुला खाणार आहे? दात तरी आहेत का त्याला!"

म्हातारा तोंड उघडून हसला. खरंच, दोनच होते.

तिने फटीतून चहा आणि पाव दिला. म्हातारा जिन्याच्या पायरीवर बसून पाव चहात बुडवून खाऊ लागला. ती दाराआड उभी राहून एकेक प्रश्न टाकत राहिली. झोपता कुठे? बसस्टँडवर. गावात किती दिवस? दोन हिवाळे. सोबत कोण? कुणी नाही. त्याने एकदाही आत डोकावून पाहिलं नाही. मुलीचं नाव विचारलं नाही. तिने खिडकीतून रस्ताही पाहून घेतला. कोपऱ्यापर्यंत चिटपाखरू नव्हतं.

"सुईदोरा असला तर द्या बाई," तो म्हणाला. "बाही तेवढी टाचून घेतो. वारं सुरीसारखं शिरतं बघा."

तिने दिला. पण त्याचे हात असे थरथरत होते, की दुसऱ्याच टाक्याला सुई बोटात गेली. तिसऱ्याला पुन्हा.

"आई, आजोबांना रक्त आलं," मुलगी कळवळून म्हणाली.

झालं! तिला राहवेना. "आणा इकडे तो कोट," ती म्हणाली.

कोट फटीतून आत आला. तिने खांद्याची शिवण उलटी करून पाहिली. कापड कुठे फाटलं नव्हतं, नुसती शिवण उसवली होती, एका रेषेत. दोरा कुजला असेल, असं म्हणत तिने सुई ओवली. सुई आपसूक डाव्या हातात गेली. अकरा महिन्यांनी बोटं कामाला लागली होती आणि फूटपट्टी उगारायला कुणी नव्हतं. काय बरं वाटलं तिला! बाहीच काय, अस्तरही तिने बारीक, डाव्या हाताच्या उलट्या तिरप्या टाक्यांनी बसवून दिलं.

"देव तुमचं भलं करो," म्हातारा म्हणाला आणि बाही कुरवाळत निघून गेला.

"बघ, गिळलं नाही ना त्याने?" काकूंनी खालून ओरडून विचारलं. ती कितीतरी दिवसांनी खळखळून हसली. उगाच आपण जगाला घाबरतो, असंही तिला वाटून गेलं.

दुसऱ्या दिवशी दुपारी दार वाजलं. "बाई, मी कालचा," आवाज ओळखीचा होता. तिने साखळी काढली आणि दार सताड उघडलं. मुलगीही पळत आली.

म्हाताऱ्याच्या अंगावर नवाकोरा लोकरीचा कोट होता.

"अय्या, हा कुठला?" तिने विचारलं.

"तुमच्याच हाताची कृपा!" म्हातारा आनंदाने फुलून गेला होता. "काल बोललो नाही, कारण कुणाला सांगायचं नाही अशी अट होती. बसस्टँडवर एक भले गृहस्थ आलेत, आम्हा सगळ्यांना कोट वाटले त्यांनी. सगळ्यांची बाही उसवलेली. कुणाकडूनही शिवून आणा म्हणाले, आणून दाखवाल त्याला नवा कोट. आधीच्या गावीही असंच वाटत आले म्हणे. दहा-बारा जणांचे पाहिले नि बाजूला टाकले. माझा मात्र उलटा केला, अस्तरावरून बोट फिरवलं आणि मटकन खालीच बसले. डोळ्यांत पाणी आलं हो त्यांच्या! म्हणाले, मला त्या घरी घेऊन चला."

त्याने कौतुकाने बाजूला होत जिन्याकडे वळून हाक दिली, "या ना वर, मास्तर. दार उघडंच आहे."