मिटिंगचा पत्ता

शाळेच्या फाटकाला कुलूप होतं. दारू सोडणाऱ्यांची मिटिंग कुठं भरते, विचारत विचारत हौसानं नवऱ्यासोबत सारी पेठ पालथी घातली होती.

“देवाच्याच मनात नाही गं. चल घरी,” नवरा म्हणाला. आज माघारी फिरला तर तो पुन्हा येणार नव्हता.

तेवढ्यात मागच्या बोळातून म्हादू आला, नवऱ्याचा पिण्यातला जोडीदार. दारात दिसला की हौसा त्याला झाडू घेऊन हाकलायची.

“मुडद्या, इथंही आलास न्यायला?”

“न्यायलाच येत होतो वहिनी, पण इथं. मी सोडली. मिटिंग मागच्या खोलीत भरते. तुम्ही बोलूच दिलं नाही.”

“मग ओरडून सांगायचंस की, मेल्या!” ती तडकली. आणि लेक सासरी देताना द्यावा, तसा नवऱ्याचा हात तिनं म्हादूच्या हातात दिला.