थोडं थोडं

मावशीकडच्या केळवणात ताईने अर्धी पुरणपोळी वाढून घेतली, तेव्हा आईच्या जिवात जीव आला. साखरपुड्यानंतर बारीक व्हायचं म्हणून ताईने गोड, तूप, भात, सगळंच सोडलं होतं. "सोडतेस कशाला? आवडीचं थोडं थोडं खात जा," असं मीच तिला पटवलं होतं.

तरीही लग्नाचा ब्लाउज सैलच होत गेला. "नवरी आहेस की हँगर? किती वेळा आत घेऊ?" शिंपीणकाकू म्हणाल्या. ताई खूश झाली.

त्या संध्याकाळी मला भिंतीवर मुंग्यांची रांग दिसली. ती ताईच्या कपाटात, केळवणांत मिळालेल्या साड्यांच्या पिशव्यांत शिरत होती. मी वरची पिशवी उघडली. आत कागदी रुमालात गुंडाळलेली मावशीकडची पुरणपोळी होती. खालच्या पिशवीत आत्याकडचा लाडू होता. त्यावर बुरशी आली होती.

ताई दारात उभी होती. तिच्या गळ्याची हाडं वर आली होती. मला पाहून ती दचकलीसुद्धा नाही.

"तुझं बरोबर होतं गं," ती हसून म्हणाली. "थोडं थोडं वाढून घेतलं की कुणी पानाकडे बघतच नाही."