रक्तातला आकडा

खाणीत दगड फोडून नागूबाई आणि यल्लव्वा, दोघींची फुप्फुसं धुळीनं भरली होती. इस्पितळात दोघींवर नव्या औषधाची चाचणी चालू होती. काहींना खऱ्या गोळ्या मिळत, काहींना बिनऔषधाच्या. कोणाला कोणत्या, हे डॉक्टरांनाही ठाऊक नव्हतं.

पहिल्याच महिन्यात यल्लव्वाच्या रक्तातला आजाराचा आकडा थोडा उतरला, आणि खऱ्या गोळ्या तिलाच मिळाल्या असं वाटून नागूबाईच्या पोटात दुखू लागलं. त्या दिवसापासून ती गुपचूप दोघींच्या बाटल्या बदलू लागली.

यल्लव्वाचा आकडा आणखी उतरला. नागूबाईचा चढत गेला.

शेवटी कोणाला कोणत्या गोळ्या होत्या त्याची यादी उघडली. "यल्लव्वा, तुमच्या वाट्याला औषध नव्हतंच, ते नागूबाईंना होतं," डॉक्टर चक्रावले. "मग आकडा उतरला कसा?"

"देवाची दया," यल्लव्वा म्हणाली.

नागूबाईनं खोकला आवरला आणि बाटल्यांचं सगळं सांगितलं. "माझ्या जळण्यानं उतरला तो."