दोन तासांची झोप

आतल्या खोलीत खाट कुरकुरली, मग शांत झाली. तशी तिनं बाह्या वर सारल्या आणि पान्ह्यांचा डबा आवाज न करता पुढे ओढला. दोन तास हाताशी होते.

मिस्त्रींची ही जुनी रीत. इंजिन जोडून झालं की लगेच चालू करायचं नाही. हात धुवायचे, दोन तास आडवं व्हायचं, मग ताज्या डोळ्यांनी इंजिनाभोवती एक फेरी मारायची आणि मगच ते सुरू करायचं. घाईत जे दिसत नाही ते झोपून उठल्यावर दिसतं, असं ते सांगत. हल्ली मात्र झोपून उठल्यावरही त्यांना काही दिसत नसे. बघायचं ते त्यांची लेक बघत होती, ते झोपलेले असताना.

नवरा गेल्यावर ती माहेरी आली, त्याला दीड वर्ष होऊन गेलं. पहिले सहा महिने भिंतीकडे तोंड करून पडून असायची. एकदा वडील दारात येऊन म्हणाले, "शेडमध्ये येऊन बस, ठमे. नुसता पान्हा धर."

"मला नाही जमायचं, अप्पा," ती म्हणाली आणि कूस बदलली.

त्यांनी पुन्हा विचारलं नाही. त्यानंतर महिनाभरातच त्यांचं विसरणं सुरू झालं.

चष्मा डोक्यावर ठेवून घरभर शोधायचे. मग एका दुपारी ती चहाचा कप शोधत शेडमध्ये गेली, तर नुकत्याच जोडलेल्या इंजिनाखाली तेलाचं थारोळं. तळाचं बूच सैल राहिलं होतं. तिनं ते गुपचूप आवळलं, फरशी पुसली आणि कुणाला काही बोलली नाही. चाळीस वर्षं ज्या माणसानं जुन्या ट्रॅक्टरांत प्राण फुंकले, त्याला त्याची चूक कोणत्या तोंडानं दाखवायची?

पुढच्या वेळी ती आपणहून बघायला गेली. पंख्याचा पट्टा ढिला होता. त्याच्या पुढच्या वेळी हेडचे दोन बोल्ट अर्धवट आवळलेले. मग झडप उघडणाऱ्या एका टॅपेटची फट कमी निघाली, तीही इतकी थोडी की मापाची पातळ पट्टी घालून बघितल्यावरच कळावी. वडिलांचं दुखणं वाढत चाललंय, हे तिला या चुकांवरूनच समजत होतं. पहिल्या चुका आंधळ्यालाही दिसल्या असत्या. आता त्या शोधायला तिला वडिलांच्या जुन्या वह्या उशाशी घेऊन बसावं लागे.

डॉक्टरांचं नाव काढलं की ते उसळत. "मला काय धाड भरलीय?" संध्याकाळी शेजारचे मास्तर बुद्धिबळाला येत आणि रोज हरून, चरफडत घरी जात. जुनं तेवढं शाबूत राहतं, अशी ती मनाची समजूत घाले.

आजचं इंजिन मात्र साधं नव्हतं. पन्नास वर्षांचा ट्रॅक्टर, सगळ्यात मोठं गिऱ्हाईक असलेल्या बागवाल्यांच्या वडिलांच्या हातचा. बागवाल्यांनी सकाळीच तिला फाटकाशी गाठलं होतं.

"ताई, मिस्त्रींबद्दल कानावर आलंय. पाच वाजता येतो. इंजिन नीट वाजलं तर प्रश्नच नाही. नाहीतर पुढचं काम दुसरीकडे न्यावं लागेल. राग मानू नका."

राग नव्हता, भीती होती. बागवाल्यांनी पाठ फिरवली की बाकीचेही फिरवणार. मग वडिलांनी सकाळी उठायचं कशासाठी? उठायला कारण नसलं की माणसाचं काय होतं, ते तिच्याइतकं कुणाला ठाऊक होतं?

तिनं बूच बघितलं. पट्टा बघितला. बोल्ट एकेक करून तपासले. सगळ्या टॅपेटमधून मापाची पट्टी फिरवली. सगळं चोख. घड्याळ पुढे सरकत होतं. चूक नसणं शक्यच नव्हतं. सापडत नव्हती, एवढंच.

शेवटचा पाव तास उरला आणि तिला ती दिसली. पंप बसवताना जुळवायच्या दोन रेषा, डिझेलच्या पंपावरची आणि इंजिनावरची, एकमेकींना मिळत नव्हत्या. केसभराचा फरक. पंपाच्या रेषेत चूक म्हणजे दुखणं फारच पुढे गेलं होतं. तिचे डोळे भरून आले, पण हात थांबले नाहीत. पंपाचे नट सैल केले, पंप किंचित फिरवला, रेषेला रेष जुळवली, नट आवळले. बोटांचे ठसे पुसले. पान्हे होते तसे डब्यात ठेवले.

मिस्त्री उठून आले. हात पाठीमागे बांधून त्यांनी नेहमीची फेरी मारली. पंपापाशी जरा रेंगाळले.

"मार स्टार्टर," ते म्हणाले.

इंजिन सुरू व्हायलाच कुरकुरलं. मग कसंबसं पेटलं आणि धापा टाकायला लागलं. पांढऱ्या धुरानं शेड भरून गेली. तिनं घाबरून ते बंद केलं. साडेचार वाजून गेले होते.

"जुनं इंजिन आहे, अप्पा," ती घाईघाईनं म्हणाली. "एखाद्या वेळी होतं असं. तुमचं काही चुकलं नसेल."

मिस्त्रींनी स्टूल ओढलं आणि ते आरामात टेकले. डब्याकडे न बघताच त्यांनी हात घातला, नेमका पंपाच्या नटांचा पान्हा बाहेर काढला आणि तिच्यापुढे धरला.

"आज मी काहीच चुकवलं नव्हतं, ठमे," ते म्हणाले. "ह्याचा पंप फिरवणारा गिअर झिजलाय, म्हणून रेष केसभर सोडूनच बसवावी लागते. हा धडा तुला पुढच्या इंजिनाला द्यायचा ठरवला होता."