आग्नेसची सोयरीक

"मागं बघू नकोस," महानंदाआत्या म्हणाली. "बघितलंस की भीती वाढते."

नयनानं तरी गाडीच्या मागच्या काचेतून बघितलं. जे. पी. नगरच्या सिग्नलपासून एक पांढरी गाडी मागं होती. ती बाबांची नाही हे कळेपर्यंत नयना तिची नंबरप्लेट वाचत राहिली.

लग्न परवावर आलं होतं. बाबांची, म्हणजे श्रीधररावांची, देवनहळ्ळीची जमीन आणि शेजारच्या पवनकुमारांचा घरांच्या प्लॉटांचा लेआउट यांच्यामध्ये एकच कुंपण. त्यावरून दोन्ही घरं वर्षानुवर्षं कोर्टाच्या पायऱ्या झिजवत होती. आता पवनकुमारांच्या मुलाला, गुरुप्रसादला, मुलगी द्यायची आणि कुंपण काढून टाकायचं असं ठरलं. नयना एकुलती एक. ती जाईल तिथं जमीन जाणार. तिला कुणी विचारलं नाही. ती नको म्हणाली, तेव्हा बाबांनी खोलीला बाहेरून कडी घातली.

धावून आली ती एकटी आत्या. आजोबांच्या त्याच जमिनीत बाबांनी सख्ख्या बहिणीला वाटा दिला नव्हता, म्हणून येणंजाणं बेताचंच. तरी भाचीसाठी ती आली. "पोरीला चुडा भरायला नेते," म्हणून तिनं नयनाला उजळ माथ्यानं घराबाहेर काढलं. दुपारचं विमान होतं. जर्मनीतलं विद्यापीठ वाट बघत होतं.

आत्या कामाला पक्की. कुणाला संशय नको म्हणून तिनं नयनाला रेशमी साडी नेसायला लावली. वाटेत दुकानात थांबून खरोखरच हिरवा चुडा भरवला. "उद्या कुणी चौकशी केली तर कासारणीनं हो म्हणायला हवं." पासपोर्ट आणि फोन तिनं स्वतःच्या पिशवीत ठेवले. "तुझं लक्ष ठिकाणावर नाही. कुठंतरी पाडशील."

गाडी आत्याचा मुलगा अभिराज चालवत होता. नयना लहानपणापासून त्याला अण्णा, म्हणजे दादा, म्हणायची. एरवी बडबडून डोकं उठवणारा अण्णा आज गप्प होता. मामाची भीती त्यालाही असणारच.

"तिकडं जाऊन शिकणार काय तू?" आत्यानं विचारलं.

"आग्नेस नावाची एक सरदारकन्या होती. शेकडो वर्षांपूर्वीची. बापानं हद्दीचा तंटा मिटवायला तिला शेजारच्या सरदाराच्या घरी दिली. तिच्यावर अभ्यास करायचाय."

"आणि जमीन?"

"ती नवऱ्याच्या घराण्याकडं गेली."

"तिला आत्या नव्हती?"

नयनाला त्याही स्थितीत हसू आलं. "कुणी लिहून ठेवलेलं नाही."

"असती तर असं होऊ दिलं नसतं."

पिशवीतला फोन वाजला. बाबा. आत्यानं शांतपणे उचलला. "अरे, काकणं भरतेय अजून. स्वल्प उशीर होईल. सरी, बरं, ठेवते."

विमानतळाचा फाटा आला आणि गाडी सरळ पुढं गेली.

"अण्णा, चुकलास!"

"चुकला नाही," आत्या म्हणाली. "पवनकुमारांची माणसं तिथं उभी असली तर? आपल्या देवीच्या देवळात थांबू. अभिराज कानोसा घेईल."

ते नयनाला पटलं. देवळापाशी अभिराज तिच्याकडं न बघताच उतरून आत गेला. ती सीटवर अंग चोरून बसली. रस्त्यावर मोटारसायकल वाजली तरी ती खाली वाकत होती.

"बाबा इथं आले तर?"

"येऊ देत. मी आहे ना."

बऱ्याच वेळानं आतून कुणीतरी हाक मारली. आत्यानं दार उघडलं. "चल. देवीच्या पाया पड, मग निघू."

नयना तिचा हात घट्ट धरून उंबरा ओलांडून आत गेली. भटजी घड्याळ बघत होते. दोघांनी अंतरपाट धरला होता, आणि त्याच्यापलीकडं मुंडावळ्या बांधून, मान खाली घालून अभिराज उभा होता.

आत्यानं तिच्या हातात हार दिला. "भावाच्या लेकीवर पहिला हक्क बहिणीच्या घराचा असतो, बाळ. तुझा बाप ते विसरला."