दुसऱ्याची सही

वर्षाचा शेवटचा सूर्य बुडायला वीस मिनिटं उरली होती आणि तळ्याकाठच्या लपणात ती दोघंच बसली होती. लपण म्हणजे फळ्यांची खोपटी. आत एक बाकडं आणि समोर डोळ्यांच्या उंचीवर एक आडवी फट. फटीतून दोघांना बघायचं तर खांद्याला खांदा लावूनच बसावं लागे. चार महिने ती तशीच बसत होती.

पक्षीमंडळात त्याला बगळा म्हणत, कारण तो उंच होता आणि तासन्‌तास हलत नसे. तिला टिटवी म्हणत; त्याचं कारण सांगायला नको. वर्षभरात सगळ्यात जास्त जाती कोण बघतो, ही स्पर्धा सुरू झाली तेव्हा एकोणीस जण होते. कुणाची परीक्षा आली, कुणाचं लग्न ठरलं, बाकीच्यांना पहाटेचं अंथरूण सुटेना. सप्टेंबरपासून ही दोघंच उरली. नियम असा, की नवा पक्षी वहीत चढवायचा तर शेजारी दुसऱ्या स्पर्धकाची सही हवी. म्हणजे पक्षी दिसला की आधी तो प्रतिस्पर्ध्याला दाखवायचा आणि मग आपल्या नावावर लिहायचा. साहजिकच दोघांचे आकडे हातात हात घालून चालले होते. दोनशे तेरा, दोनशे तेरा.

"बरोबरी राहिली तर काय रे?" तिने विचारलं. तिला नियम तोंडपाठ होता.

"पुढचं वर्ष. एक जण पुढे जाईपर्यंत."

"म्हणजे उद्या पहाटे पाचला."

त्याने थर्मासच्या झाकणात चहा ओतून तिच्यापुढे सरकवला.

तिला बरोबरीच हवी होती. हे तिने कुणाला सांगितलं नव्हतं. सांगायला तसं कुणी नव्हतंच. भाड्याच्या खोलीला सकाळी कुलूप लावणारी तीच आणि संध्याकाळी काढणारीही तीच. ऑफिसात दिवसभर कानाला हेडफोन लावून अनोळखी लोकांच्या तक्रारी ऐकायच्या आणि टाइप करायच्या. "ते बघ" असं तिला आपणहून म्हणणारं माणूस फक्त या बाकड्यावर भेटायचं.

पाणकणसाच्या बुडाशी चिखल हलला. तिने दुर्बीण लावली. मुठीएवढा जीव, तपकिरी, पाठीवर चुन्याचे शिंतोडे उडावेत तसे ठिपके. छोटी फटाकडी. नाव एवढं दणदणीत आणि स्वभाव असा, की दोघांनी वर्षभर तिच्यासाठी चिखल तुडवला तरी बाईसाहेबांनी शेपटीचं टोकसुद्धा दाखवलं नव्हतं.

लपवून ठेवण्यात काही अर्थ नव्हता. दाखवली की दोघांचे दोनशे चौदा, आणि उद्या पहाटे पाच. तिला हसू आलं.

"ते बघ," ती पुटपुटली. "पडक्या खांबाच्या डावीकडे, अगदी पाण्यालगत. फटाकडी."

बगळा हलला नाही. त्याची दुर्बीण मांडीवर होती आणि तिच्या भिंगांवर झाकणं बसवलेली होती. ती त्याने कधी बसवली, तिच्या लक्षात आलं नव्हतं.

"अरे, बघ ना. आहे अजून."

"तू लिही. मी सही करतो."

"न बघता?"

"तू म्हणतेस म्हणजे असणारच. तुझी ओळख कधी चुकत नाही."

"आणि तुझं?"

"मला दोनशे तेरा पुरेत." तो थर्मासचं बूच फिरवत राहिला. "दमलोय गं मी. खरं तर ऑक्टोबरमध्येच सोडणार होतो. पण म्हटलं, मी गेलो तर तुझ्या वहीवर सही कोण करणार? तुझं सगळं वर्ष वाया गेलं असतं."

तो हे अगदी मायेने बोलला. त्यामुळेच ते तिला जास्त लागलं. ऑक्टोबर, नोव्हेंबर, डिसेंबर. ती मनातल्या मनात त्या सगळ्या सकाळी एकेक करून आठवू लागली आणि थांबली.

लिहिलं नाही तर बरोबरी. बरोबरी झाली तर हा उद्या येईल, नक्की येईल. दिलेला शब्द मोडणाऱ्यांतला तो नव्हता. शेजारी बसेल, चहा देईल, आणि भिंगांवरची झाकणं काढणार नाही.

तिने वही उघडली. छोटी फटाकडी, तळ्याचा पूर्व काठ, पाच वाजून एकेचाळीस मिनिटं. अक्षर नेहमीसारखंच आलं. त्याने मांडीवर वही घेऊन सही केली, नेहमीपेक्षा जरा मोठी.

"अभिनंदन, टिटवे. जिंकलीस." तो वाकून दारातून बाहेर पडला. "येतेस? सोडतो नाक्यापर्यंत."

"तू हो पुढे. उजेड आहे अजून."

पायवाटेवर त्याची पावलं वाजली, मग स्कूटरचा आवाज आला आणि लांब जात ऐकू येईनासा झाला. एवढा आवाज झाल्यावर फटाकडी दडून बसायला हवी होती. पण ती उलट बाहेर आली. उघड्या चिखलावर, फटीसमोर दहा पावलांवर ती एकटीच इकडून तिकडे चालू लागली. वर्षभर हुलकावणी दिलेला पक्षी असा समोर, तोही दुर्बिणीशिवाय दिसावा असा.

"ते बघ," ती म्हणाली, आणि बाकड्यावर थोडी सरकून बसली.