इटलीची चाल

मनिराम धावत नव्हता.

गोंदियाच्या रेल्वे मैदानावर कामठीच्या गोऱ्या पलटणीशी सामना चालू होता. गोरे चेंडू उंच मारत आणि सगळे मिळून त्याच्यामागे सुटत. आडवा येणाऱ्याला खांद्याने उडवत. भोवतीची माणसं, समोर गोरे असूनही, वाहवा करत होती. रेल्वेचे गडी अनवाणी पायांनी तसेच धावायला बघत होते. एकटा मनिराम आपल्या गोलपुढे उभा. चेंडू आला की तो तळपायाखाली दाबायचा, इकडेतिकडे पाहायचा आणि जवळच्या गड्याला हळूच द्यायचा. कधी कधी तर मागेच.

"अबे, खेळून राहिला का पहारा देऊन राहिला?" लोकांतून कोणी तरी ओरडलं.

कप्तान छोटेलाल मालगुदामात कारकून होता. कलकत्त्याहून येणारी इंग्रजी वर्तमानपत्रं तो विलायतेतल्या फुटबॉल लीगच्या बातम्यांसाठी वाचायचा. पावसाचिखलात शेवटपर्यंत धावणारे, चार-चार गोल करणारे ते खेळाडू त्याने कधी पाहिले नव्हते. पण त्याच्या लेखी फुटबॉल म्हणजे तेच. मनिराम आमगावकडचा. लढाई संपल्यावर फौजेतून सुटून आला आणि लोको शेडमध्ये लागला. आफ्रिकेत पकडला गेलो, मग इटलीत कैदेत होतो, यापलीकडे तो काही सांगत नसे.

अर्धा खेळ झाला तेव्हा कोणाचाच गोल नव्हता. छोटेलालने मनिरामला बाजूला घेतलं.

"सच बोल. गोऱ्यायसंगं काही ठरवून आला का?"

"मी? कायले?"

"मंग धावून काऊन नाही राहिला? विलायतच्या लीगमधी असा गडी दिसला त लोक त्याले मैदानाबाहेर काढतीन."

"इटलीत असंच खेळतेत. समोरच्याले धावू द्याचं. धावून धावून तो थकते. थकला का त्याचं दार उघडं पडते. तवा एक गोल कराचा. एक पुरते."

"एका गोलासाठी लोक कायले येतीन पाहाले?"

"दार कवा उघडते, थे पाहाले येतेत." हे सांगताना मनिरामचा चेहरा उजळला.

छोटेलालचे डोळे मात्र बारीक झाले. "तू त कैदी होता ना? मंग त्यायची लीग तुले कोणं दाखवली?"

"दाखवली नाही, शिकवली. धानाच्या बांधावर. आमाले धानाच्या कामाले लावलं होतं. मालकाचा पोरगा लीगमधी खेळे. सांजी काम उरकलं का तो चेंडू घेऊन ये..."

"इटलीत धान?" छोटेलाल हसला. "इटलीत धान, अन् कैद्याले खेळ शिकवणारा दुश्मन! मले येडा समजते का?"

मनिराम मैदानाकडे वळला. हातातली संत्र्याची फोड त्याने तशीच टाकून दिली.

छोटेलाल गोलकीपर गोपीचंदजवळ गेला. "याच्यावर नजर ठेव. काही गडबड दिसली का आवाज दे."

"मले त पहिल्यापासूनच शक होता," गोपीचंद म्हणाला.

खेळ पुन्हा सुरू झाला. गोरे तसेच धावत होते, पण आता चेंडू गेल्यावर ते गुडघ्यांवर हात टेकून उभे राहत. मनिराम अजूनही जागचा हलत नव्हता. लोक कंटाळून शिव्या देऊ लागले.

शेवटी शेवटी गोऱ्यांचा धिप्पाड सार्जंट चेंडूवर चालून आला. मनिरामने चेंडू तळपायाखाली घेतला आणि आपल्याच गोलकडे वळला.

"छोटेलाल! आपल्याच गोलात घालते!" गोपीचंद किंचाळला.

सार्जंट खांदा पुढे करून आला आणि स्वतःच्याच जोराने पुढे निघून गेला. मनिराम गर्रकन फिरला. त्याने मारलेला चेंडू गवताला घासत डावीकडे गेला. तिथे छोटेलाल होता आणि त्याच्यासमोर कोणीच नव्हतं. तो जिवाच्या आकांताने धावला. गोल झाला.

शिट्टी वाजली तशी माणसं मैदानात घुसली. छोटेलालची नजर मात्र मनिरामवर होती. लालबुंद झालेला सार्जंट त्याच्याकडे गेला होता. त्याने मनिरामच्या पायाकडे बोट दाखवून काही तरी विचारलं. मनिरामने उत्तर दिलं. मग दोघंही भराभर बोलू लागले.

"काय बोलून राहिले?" गोपीचंदने विचारलं.

छोटेलालने कान दिला. "इंग्रजी मले समजते. हे इंग्रजी नाही. हे इटलीचं आहे."

"म्हणजे तो गोराही...?"

सार्जंट बोलता बोलता थांबला. मग हळू आवाजात चार शब्द बोलला, मनिरामच्या खांद्यावर हात ठेवला आणि निघून गेला. मनिराम होता तिथेच गवतावर बसला.

छोटेलाल त्याच्यापुढे येऊन उभा राहिला. "काय म्हणे?"

"तोही तिकडंच कैदी होता. शेजारच्या मालकाकडं." मनिराम वर पाहत नव्हता. "चाल पाहून वळखलं त्यानं, कोणं शिकवली थे. इटलीनं हार मानली अन् जर्मन आले, तवा मालकाच्या पोरानंच मले डोंगराच्या वाटेवर नेऊन सोडलं. मी सुटलो. त्याले मंग जर्मनायनं भिंतीशी उभं करून गोळी घातली. कैद्यायले पळवलं म्हणून." तो थांबला. "मले आज समजलं."

छोटेलालला खांद्यावर घ्यायला पाच-सहा जण ओरडत आले. त्याने त्यांना हातानेच थांबवलं आणि मनिरामशेजारी खाली बसला.

"नाव काय होतं त्याचं?"

मनिरामने सांगितलं. छोटेलालच्या तोंडून ते वाकडंच आलं. मनिरामने नकारार्थी मान हलवली आणि पुन्हा एकदा, सावकाश सांगितलं.